ऑक्सबर्ग हॉल: विटांचं घर कसं वाचायचं, दरजा कशा भरायच्या

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये नॉरफकला ऑक्सबर्ग हॉल पाहिलं. माहितीफलकावर १४८२ लिहिलंय, पण सगळ्याच भिंती लाल आणि सगळ्याच जुन्या वाटतात. मूळचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे कसं ओळखायचं? आणि अशा घराच्या दुरुस्तीत सिमेंटला एवढा विरोध का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर विटांमधल्या सांध्यात, म्हणजे दरजेत आहे. वीट डोळ्यांत भरते म्हणून सगळे विटेकडे बघतात, पण हिशेब करून पाहा. ट्यूडर राजघराण्याच्या काळाच्या (१४८५ ते १६०३) आसपासची वीट साधारण २३० × ११० × ५० मिमी आणि सांधा १५ मिमी धरला, तर भिंतीच्या दर्शनी भागातला सुमारे ३० टक्के भाग निव्वळ चुन्याच्या मसाल्याचा भरतो. आजची २१५ × १०२.५ × ६५ मिमीची वीट आणि १० मिमीचा सांधा घेतला तर तोच आकडा १९ टक्क्यांवर येतो. म्हणजे जुन्या भिंतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा चुना आहे. तो बदलला की भिंतीचा रंगही बदलतो आणि तिची तब्येतही.

आधी घराबद्दल थोडं. नॉरफकमध्ये घडवण्याजोगा चांगला दगड जवळपास नाही. चकमकीचे गोटे आहेत, थोडा तांबूस वालुकाश्म आहे, आणि चिकणमाती मात्र मुबलक. त्यामुळे पैसेवाल्यांनी दगड लांबून आणायचा किंवा वीट भाजायची. १४३० च्या दशकात सर जॉन फास्टॉल्फने नॉरफकमध्येच केस्टरला विटांचा किल्ला बांधायला घेतला, शेजारच्या लिंकनशरमध्ये राल्फ क्रॉमवेलने टॅटरशलचा मनोरा उठवला, आणि वीट ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. गंमत म्हणजे तेव्हा ‘ब्रिक’ हा शब्दही फारसा रुळलेला नव्हता, ‘वॉल टाइल’ म्हणत, म्हणजे भिंतीचं कौल. १४८२ मध्ये सर एडमंड बेडिंगफेल्डला चौथ्या एडवर्ड राजाकडून कंगोरे असलेला तट बांधायची परवानगी मिळाली. फलकावरचं साल हे परवानगीचं साल आहे, बांधकाम पुरं झाल्याचं नव्हे.

घर चौकाभोवती, चारी बाजूंनी खंदक, आणि उत्तरेला देवडीचा मनोरा, सुमारे ८० फूट उंच. हा मनोरा म्हणजे घराचं सर्वांत कमी हात लागलेलं अंग. दोन अष्टकोनी बुरूज, मध्ये मोठ्या खिडक्या, वर कंगोरे. लढायला हे घर फारसं उपयोगाचं नाही, एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवून कोणी वेढा सोसत नाही. दरारा दाखवायला मात्र उत्तम.

१७७५ मध्ये दक्षिणेची बाजू, म्हणजे मूळचा मोठा दिवाणखाना, पाडली गेली. १८३० च्या दशकापासून जॉन चेसल बकलर या वास्तुविशारदाने घराला पुन्हा ‘मध्ययुगीन’ केलं. आग्नेयेचा मनोरा त्याच काळातला. टेराकोटाच्या नक्षीदार चिमण्या, म्हणजे धुराडी, पाहून लोक ‘काय ते ट्यूडर काम’ म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकातली भर आहे. १९५२ पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आत गर्दी होते ती स्कॉट्सची राणी मेरी हिच्या भरतकामासाठी. विटा बघायला माणसं कमी, त्यामुळे बाहेर निवांत उभं राहता येतं.

आता वाचायला सुरुवात. एक वीट मोजू नका. हाताने थापलेल्या विटा एकाच भट्टीत पाच-सहा मिलिमीटरनी कमीजास्त होतात. चार थर आणि चार सांधे मिळून उंची मोजा, तीन-चार ठिकाणी मोजा, सरासरी घ्या. २५० ते २६५ मिमी आली तर वीट चपटी, पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या वळणाची. १५७१ साली वीट ९ × ४¼ × २¼ इंचांची असावी असं ठरवून दिलं गेलं, पण गावोगावच्या साच्यांनी ते लगेच मानलं असं समजू नका. अठराव्या शतकात वीट जाड होत गेली. १७८४ मध्ये विटांवर नगावर कर बसला. कर नगावर म्हटल्यावर लोकांनी वीट मोठी केली, मग १८०३ मध्ये १५० घनइंचांपेक्षा मोठ्या विटेला दुप्पट कर लागला. कर उठला १८५० मध्ये. आज चार थर म्हणजे बरोबर ३०० मिमी.

पण या मापावर एकट्यावर विसंबलात तर फसाल. पाडलेल्या भिंतीच्या विटा तेव्हा कोणी फेकून देत नसे, त्या दुसरीकडे लागत. उलट एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीकारांनी जुन्याशी जुळावं म्हणून मुद्दाम चपट्या विटा पाडून घेतल्या. म्हणून मापाच्या जोडीला विटेचा चेहरा बघा. जुन्या विटेवर माती साच्यात आपटताना पडलेल्या घड्या दिसतात, सुरकुतल्या कातडीसारख्या. निघालेली वीट हाती आली तर तळाला गवताच्या काड्यांचे ठसे सापडतात, कारण ओली वीट गवतावर वाळत टाकत. विटेच्या पाठीवरचा खळगा ट्यूडर विटेत नसतो, तो सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रुळला. कडा धारदार, चेहरा सपाट, रंग सगळीकडे सारखा असेल तर ती यंत्राची वीट, म्हणजे व्हिक्टोरियन किंवा नंतरची.

मग बांधणीची पद्धत. आपल्याकडे प्रत्येक गवंडी ‘इंग्लिश बाँड’ हा शब्द जाणतो: एक थर स्ट्रेचरचा, म्हणजे विटेची लांब बाजू बाहेर, आणि त्यावर एक थर हेडरचा, म्हणजे टोक बाहेर. पंधराव्या शतकात ही पद्धत अजून पक्की झालेली नव्हती, मधेच थर चुकतो, मधेच तीन हेडर सलग येतात. ही ढिलाई हीच जुनेपणाची खूण. एकाच थरात हेडर आणि स्ट्रेचर आलटून पालटून असेल तर ती फ्लेमिश पद्धत. इंग्लंडमध्ये तिचं सुरुवातीचं ठळक उदाहरण म्हणजे १६३१ चा क्यू राजवाडा. ‘ट्यूडर’ म्हणून दाखवलेल्या भिंतीत नीटनेटकं फ्लेमिश काम दिसलं तर फलकावर नव्हे, भिंतीवर विश्वास ठेवा.

काळपट निळ्या विटांची चौकटीची नक्षी मात्र जवळ जाऊनच पाहावी. या विटा रंगवलेल्या नसतात. लाकडाच्या भट्टीत जाळाकडे टोक करून ठेवलेल्या विटांच्या टोकावर राखेतल्या क्षारांमुळे काचेसारखा थर चढतो. म्हणून निळं दिसतं ते बहुतेक वेळा टोक, लांब बाजू नव्हे. नक्षीची तिरकी रेघ प्रत्येक थराला पाव विटेने, म्हणजे साधारण ६० मिमीने, सरकते. हेडरच्या थरात हे आपोआप बसतं, स्ट्रेचरच्या थरात निळं टोक आणायचं तर वीट तोडून अर्धी घालावी लागते. तिथे गवंड्याचं गणित चुकलं की रेघ तुटते, आणि कोपऱ्याशी चौकट अर्धवट राहते. कामगार कुठे बदलला, किंवा हंगाम संपून काम कुठे थांबलं, हे अशा तुटलेल्या रेघांवरून कळतं. आणखी एक गोष्ट: हे लाल रंग तेव्हा अनेकदा वरून दिलेले असत. भिंतीला गेरूचा हात मारून त्यावर बारीक कुंचल्याने पांढऱ्या रेघा ओढत, खऱ्या सांध्यांपेक्षा सरळ. पावसापासून आडोसा असलेल्या कोनाड्यात, सज्जाखाली, त्याचे अवशेष टिकून राहतात. ते ‘मळ’ समजून घासू नका.

देवडीतला गोल जिना चुकवू नका. पायऱ्यांचा तळ म्हणजे पिळत वर जाणारी विटांची कमान, आणि हाताला धरायची कठडापट्टीसुद्धा भिंतीत खोदलेली, घडीव विटेची. पिळाच्या कमानीत प्रत्येक सांधा पाचरीसारखा, आत बारीक बाहेर जाड. वीट तासायला लागते किंवा चुना जाडी भरून काढतो. इथे चुन्याने जे काम केलंय ते सिमेंटला जमलं नसतं. घर बसतं, हलतं, चुन्याचा सांधा किंचित सरकतो आणि बारीक भेगेतून पाझरलेल्या पाण्यात विरघळलेला चुना परत तिथेच जमतो.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

जुन्या विटेला बाहेरून भाजलेली एक कडक साल असते, आतला गाभा मऊ आणि सच्छिद्र. पाऊस भिंतीत शिरतोच. प्रश्न एवढाच की तो बाहेर कुठून पडतो. सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असेल तर ओल सांध्यातून सुकते, तिच्याबरोबरचे क्षार सांध्यात साठतात, थंडीत बर्फ झालं तर सांधा भुगा होतो. शंभर वर्षांनी तो खरवडून नवा भरायचा. सांधा ही बळी द्यायची जागा आहे. सिमेंट भरलं की हाच प्रवास उलटतो. सांधा बंद, ओल विटेतून सुकायला लागते, लोणा विटेच्या सालीमागे साठतो, गोठण-वितळणीत साल सुटते. दहा-वीस हिवाळ्यांनी विटा आत गेलेल्या आणि सिमेंटच्या रेघा बाहेर आलेल्या, मधाच्या पोळ्यासारखी भिंत दिसते. साल गेलेली वीट परत येत नाही. वाळूचा फवारा मारून ‘स्वच्छ’ केलेल्या भिंतीचंही हेच होतं, आणि वरून सिलिकोनचा पाणीरोधक मारला तर रोग आत कोंडला जातो.

दरजा भरायच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो: भरायच्या की नाही. सांधा मऊ आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. नखाने कणी निघते म्हणजे तो आपलं काम करतोय. सांधा स्वतःच्या जाडीएवढा आत गेला असेल, किंवा बोटाने मोकळा होत असेल, तरच हात घालावा. बऱ्याच भिंतींना दहापैकी दोनच चौरस मीटर कामाची गरज असते, पण परांची उभी आहे म्हणून सगळी भिंत खरवडली जाते.

काढताना हातची छन्नी, बारीक पटाशी, सांधा फारच बारीक असेल तर करवतीचं पातं. ग्राइंडर आडव्या सांध्यात एक वेळ चालेल, उभ्या सांध्यात तो वरच्या-खालच्या विटेला खाचा पाडतोच. खोली सांध्याच्या जाडीच्या दुप्पट, आणि कुठल्याही परिस्थितीत २५ मिमीपेक्षा कमी नको. मागची बाजू चौकोनी हवी, व्ही आकाराची नव्हे, नाहीतर नवा चुना पापुद्र्यासारखा सुटतो. जुनं सिमेंट विटेला असं चिकटलेलं असेल की काढताना कडा तुटतील, तर ते राहू द्या. वीस वर्षांनी ते आपोआप सुटेल, तुटलेली कड मात्र कायमची.

मसाला जुन्याशी जुळवायचा. जुन्या सांध्याचा मूठभर नमुना घ्या, विरल आम्लात चुना विरघळवा, उरलेली वाळू धुऊन चाळा, मग कणांचं प्रमाण आणि रंग दोन्ही कळतात. वाळूत शिंपल्याचे किंवा चुनखडीचे कण असतील तर ही पद्धत फसवते, कारण तेही विरघळतात. जुन्या मसाल्यात पांढऱ्या चुन्याच्या गाठी दिसल्या तर कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न घातलेला) वाळूबरोबरच विरवलेला होता. त्यात १ भाग कळीचा चुना आणि ३ भाग वाळू घेत, पण कळीचा चुना विरताना साधारण दुप्पट फुगतो, त्यामुळे तयार मसाल्यात चुना बराच भरघोस असतो. आज ‘१ ला ३’ असं नुसतं वाचून तयार पिठीचा चुना वापरला तर मसाला अशक्त होतो.

मऊ विटेला मुरवलेल्या चुन्याचा लगदा, १ ला ३ तीक्ष्ण वाळू आणि थोडी विटांची भुकटी, आपल्याकडच्या सुरखीसारखी. पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला नैसर्गिक जलचुना, म्हणजे ओलीतही घट्ट होणारा चुना, २ किंवा ३.५ ताकदीचा. ५ ताकदीचा जुन्या विटेसाठी जवळजवळ सिमेंटच समजा. सर्वांत मोठा कण सांध्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. गुळगुळीत बारीक वाळू हाताला बरी वाटते, पण मसाला आकसून चिरतो. अंदाजासाठी: सुरुवातीला दिलेल्या ट्यूडर मापाच्या भिंतीला ३० मिमी खोल दरजा भरायच्या तर दर चौरस मीटरला ९ लिटर मसाला लागतो, सांडलवंड धरून ११.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा, भरताना पुन्हा शिंपडा, पण पाणी ओघळता कामा नये. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते, मग चुना कधीच पकडत नाही आणि महिन्याभराने बोटाने वाळू पडते. कामात सर्वाधिक चूक होते ती इथेच. सांध्यापेक्षा बारीक लोखंडी पट्टीने मसाला आत दाबायचा, विटेच्या चेहऱ्यावर फासायचा नाही. खोल पोकळी एका दमात भरू नये, थरांनी भरावी. अंगठा दाबला तर ठसा उमटत नाही पण नख रुततं, अशा वेळी ताठ केसांच्या ब्रशने ठोकायचं. घासायचं नाही, ठोकायचं. त्याने पृष्ठभाग दाबला जातो, वाळूचा कण उघडा पडतो आणि सुकायला वाट मिळते. मग ओली तरटं, दिवसातून दोन-तीनदा फवारा, किमान आठवडाभर. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. इंग्लंडमध्ये हंगाम म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरचे पहिले दिवस. लगद्याचा चुना हवेतला कर्बवायू घेऊन महिन्याला एखादा मिलिमीटर आत घट्ट होतो. सप्टेंबरच्या शेवटी भरलेली २५ मिमीची दरज पहिल्या बर्फाला आतून कच्चीच असते.

वीट बदलायची वेळ आली तर आधी ती काढून फिरवता येते का पाहा. मागची बाजू अनेकदा धड असते. नवीच लागली तर हातथापीची मागवा आणि भरपूर आधी मागवा. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहावा हिस्सा आकसते, म्हणजे ५० मिमीच्या विटेला साचा ५५-५६ मिमीचा. ठोक दुरुस्तीला त्याच ट्यूडर मापाच्या इंग्लिश बाँडच्या दर्शनी थरात दर चौरस मीटरला ९३ विटा धरा, तुटफूट वेगळी. ऑक्सबर्ग पहिल्या श्रेणीत नोंदलेली वास्तू आहे. अशा घराच्या मसाल्याचा प्रकार बदलायलाही परवानगी लागू शकते, आणि आधी एक चौरस मीटरचा नमुना करून तो सुकल्यावर दाखवावा लागतो. ओल्या चुन्याच्या रंगावर कोणी मत देऊ नये.

भिंतीपेक्षा अवघड जागा वर असतात. ऑगस्ट २०१६ मध्ये ऑक्सबर्गच्या छपरातली एक खिडकी सुटून चौकात कोसळली. मग तपासणी केली तर छप्पर, खिडक्या आणि चिमण्या सगळीकडेच दुबळेपणा सापडला. ६० लाख पौंडांचं काम २०२२ मध्ये संपलं. अशा घरात पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या. कंगोऱ्यांमागची शिशाची पन्हळ पहिली. शिशाचा पत्रा उन्हात वाढतो, एकच लांब पत्रा घातला तर तो फुगून चिरतो. अडीच मीटरच्या आत तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला ५०-६० मिमीची पायरी हवी. दुसरी जागा चिमणी. कोळशाच्या काजळीतलं गंधक ओलाव्याबरोबर सांध्यात उतरतं, सल्फेट होऊन सांधा फुगतो. जी बाजू जास्त ओली राहते ती जास्त फुगते आणि चिमणी विरुद्ध बाजूला वाकते. सिमेंटने बांधलेल्या किंवा भरलेल्या चिमणीत हा प्रकार जोरात होतो. वापरात नसलेलं धुराडं वरून पूर्ण बंद करू नये, टोपी घालून खालून-वरून हवा खेळती ठेवावी, नाहीतर आत दव धरतं. तिसरी जागा विटांत दडलेलं लोखंड: जुन्या पट्ट्या, खुंट्या, खिडक्यांचे गज. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि वीट आतून फोडतो. लालसर ओघळ आणि त्याच्या शेजारी नवी भेग अशी जोडी दिसली की तिथे लोखंड आहे.

पुन्हा गेलात तर मोजपट्टी आणि छोटी विजेरी घेऊन जा. देवडीच्या भिंतीला विजेरी लावून उजेड भिंतीला घासून जाईल असा धरा. विटांवरच्या घड्या, तुटलेली निळी रेघ, नंतरच्या दरजांचे फुगवटे, सगळं सावलीने उठून दिसतं. मग चौकाला वळसा घालून आग्नेयेच्या मनोऱ्याखाली तीच चार थरांची उंची मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. सांध्यात किल्ली तेवढी खुपसू नका.